साप दिसलाच नाही, पण दंशाची दाट शंका आहे: कुत्रा आणि गाय, दोघांत एएसव्ही (सापाच्या विषावरचं प्रतिविष) कधी, किती आणि पुढे काय?

पठारी_पशुवैद्य (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सर्पदंशाच्या रुग्णांबद्दल एकाच धाग्यात नीट चर्चा व्हावी म्हणून विचारतो आहे. समजा, असे दोन रुग्ण आले:

पहिला, १२ किलोचा कुत्रा. तासाभरापूर्वी झुडपाजवळ किंचाळला, आता नाक आणि वरचा ओठ सुजलाय, एका जागेतून पातळ रक्त झिरपतंय आणि ते थांबत नाही.

दुसरी, ४०० किलोची गाय. चरून आली ती तोंड सुजवूनच. नाकाने घरघर, लाळ, चारा सोडलेला.

साप दोन्हीकडे कुणी पाहिलेला नाही. प्रश्न असे:
१. साप कोणता ते कळल्याशिवाय एएसव्ही सुरू करावं का? कशावरून ठरवायचं?
२. किती व्हायल (औषधाच्या कुप्या)? वजनावर मोजायचं की नाही?
३. रिअ‍ॅक्शन आली तर नेमकं काय, कोणत्या मात्रेत?
४. नंतरच्या दोन-तीन दिवसांत नजर कशावर ठेवायची?

दवाखान्यात सलाइन, ऑक्सिजन, अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि साधी लॅब आहे असं धरा. व्हेंटिलेटर नाही.

---

श्वान_मार्जार_आयसीयू

सापाचं नाव कळण्याची वाट पाहू नका. आपल्याकडचं पॉलिव्हॅलंट एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकत्रच चालतं, त्यामुळे नाव कळून औषध बदलत नाही. निर्णय रुग्णाकडे बघून घ्यायचा. विष काय करतंय याचे तीन पुरावे शोधा.

रक्त: हिरड्यांवर टिपके, दंशाच्या किंवा सुई टोचल्याच्या जागेतून न थांबणारं रक्त, लाल लघवी, काळी शी. हे घोणस आणि फुरश्याचं काम. घोणशीच्या विषातली विकरं रक्त गोठवणारे फॅक्टर दहा आणि पाच चेतवतात, फुरश्याचं विष थेट प्रोथ्रॉम्बिनला चेतवतं. शरीरभर सूक्ष्म गुठळ्या होत राहतात, गुठळी बनवणारं फायब्रिनोजेन संपतं आणि मग रक्त गोठायचंच थांबतं.

नसा: पापण्या अर्धवट मिटलेल्या, भुंकण्याचा आवाज बदललेला, गिळता न आल्याने लाळ, मागचे पाय लटपटणं, मग मान न धरणं आणि शेवटी छाती न हलता फक्त पोटाने श्वास. हे नाग किंवा मण्यार. नागाच्या दंशात बहुधा सूज आणि दुखणं असतं. मण्यारीच्या दंशात जागा सापडतच नाही, सूजही नाही. रात्री ठणठणीत असलेला कुत्रा सकाळी मऊ पडलेला, एक-दोनदा ओकलेला असा आला तर मण्यार डोक्यात हवीच.

सूज: दंशाच्या जागेपासून वर वर सरकणारी, गरम, दुखरी, जांभळट. केस क्लिपरने काढा, तेव्हाच व्रण आणि रंग दिसतो. सुजेची कड मार्करने आखा, शेजारी वेळ लिहा, टेपने घेर मोजा आणि दर अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. नजरेच्या अंदाजावर "वाढली वाटते" असं म्हणण्यापेक्षा कातडीवरची रेष खरं सांगते.

रक्त न गोठणं, पक्षाघाताचं कोणतंही लक्षण किंवा भराभर पसरणारी सूज यांपैकी एक जरी असलं तरी एएसव्ही सुरू. नुसते दातांचे व्रण असतील आणि बाकी काही नसेल तर देऊ नका. विषारी साप चावूनही काही वेळा विष सोडत नाही. अशा रुग्णाला २४ तास ठेवून घ्या. पहिल्या काही तासांत बरं दिसतंय म्हणून घरी पाठवलेला मण्यारीचा रुग्ण रात्रीत जातो.

लाळ गाळणारा, जबडा लोंबकळलेला, आवाज बदललेला कुत्रा म्हणजे रेबीजही असू शकतो, हे कधीही विसरू नका. नागाच्या पक्षाघाताचं आणि मुक्या रेबीजचं चित्र सारखं दिसतं. हातमोजे घातल्याशिवाय तोंडात हात घालायचा नाही, ट्यूब टाकतानाही नाही. रेबीज काही दिवसांत वाढत जातो, दंशाचा पक्षाघात काही तासांत. तरी लसीचा इतिहास आधी विचारा.

---

काचनळी

वरच्या "रक्त" या मुद्द्यासाठी २० मिनिटांची चाचणी करा. यंत्र लागत नाही, पण बारीकसारीक चुकांनी ती हमखास फसते, म्हणून सविस्तर लिहिते.

ताजं शिरेतलं रक्त २ मिलि. कोरडी, स्वच्छ, नवी काचेची नळी. प्लास्टिकची नळी चालत नाही, कारण गोठण्याची साखळी काचेच्या पृष्ठभागाला लागून सुरू होते. प्लास्टिकमध्ये निरोगी रक्तही पातळ राहू शकतं आणि तुम्ही उगाच एएसव्ही देऊन बसाल. डिटर्जंटने धुतलेल्या काचेचंही तेच. इडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली नळी भरून तीच सुई पुढे या नळीत लावू नका, त्यातला थेंबभर इडीटीएही निकाल बिघडवतो. आधी काचनळी भरा, नंतर बाकीच्या.

नळी स्टँडमध्ये उभी ठेवा आणि २० मिनिटं हात लावू नका. मधे मधे वाकवून पाहण्याचा मोह आवरा, हलवल्याने गुठळी धरत नाही. २० मिनिटांनी एकदाच उलटी करा. रक्त वाहिलं तर गोठत नाही. गुठळी आहे पण लगेच तुटून विखुरली, तर तीही बिघडलेलीच समजा आणि तासाभराने परत करा.

शेजारी दुसऱ्या नळीत त्याच जातीच्या निरोगी प्राण्याचं रक्त ठेवा. ही पद्धत माणसांसाठी बसवलेली आहे. कुत्र्याचं रक्त २० मिनिटांच्या आत चांगलं गोठतं, पण गाय आणि विशेषतः घोडा यांचं निरोगी रक्तही सावकाश गोठतं. जोडीच्या नळीशिवाय मोठ्या जनावराचा निकाल वाचू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

या चाचणीचा आणखी एक उपयोग. नाकातून रक्त येणारा कुत्रा एर्लिकिया या गोचिडांतून होणाऱ्या आजाराचाही असतो. त्यात प्लेटलेट कमी असतात, पण फायब्रिनोजेन शाबूत असतं, म्हणून नळीत गुठळी बनते. उंदराच्या औषधाच्या विषबाधेत मात्र नळी पातळ राहू शकते. तिथे सूज आणि दंशाची जागा नसते आणि रक्तस्राव औषध खाल्ल्यावर काही दिवसांनी सुरू होतो.

लघवी लाल असेल तर सेंट्रिफ्यूज करा. तळाशी लाल थर बसून वरचं पाणी स्वच्छ झालं तर रक्तपेशी. वरचं पाणी लालच राहिलं तर रक्ताचा प्लाझ्मा पाहा: प्लाझ्मा गुलाबी असेल तर हिमोग्लोबिन, स्वच्छ असेल तर स्नायूंतून आलेलं मायोग्लोबिन. शेवटची दोन्ही मूत्रपिंडाला जड जातात.

---

श्वान_मार्जार_आयसीयू

आता मात्रा.

एएसव्ही वजनावर मोजायचं नाही. साप चावताना समोरच्याचं वजन पाहून विष सोडत नाही. १२ किलोच्या कुत्र्यात आणि ६० किलोच्या माणसात सारखंच विष गेलेलं असतं, उलट लहान शरीरात त्याची तीव्रता जास्त. एक व्हायल म्हणजे १० मिलि. तेवढ्याने घोणशीचं सुमारे ६ मिलिग्रॅम, नागाचं ६, मण्यारीचं ४.५ आणि फुरश्याचं ४.५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ होतं. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते, असं माणसांच्या उपचारपद्धतीत धरलेलं आहे, आणि म्हणून तिथे सुरुवातच ८ ते १० व्हायलने होते. या हिशेबापुढे कुत्र्याला एक व्हायल देऊन "एएसव्ही दिलं" म्हणणं म्हणजे स्वतःची समजूत घालणं आहे.

प्रत्यक्षात प्राण्यांना १० व्हायल मिळणं अवघड, हे मान्य. लक्षणं स्पष्ट असतील तर कुत्र्याला ४ ते ५ व्हायलने सुरुवात करावी. अगदीच नसतील तर २, पण त्या लगेच. आज एक, उद्या एक अशा हप्त्यांत देऊ नका. एएसव्ही फक्त रक्तात मोकळं फिरणारं विष पकडतं. मज्जातंतूच्या टोकाला किंवा मूत्रपिंडात झालेली इजा ते परत फिरवत नाही, त्यामुळे पहिल्या तासांत गेलेल्या व्हायलचं मोल सगळ्यात जास्त.

तयारी: पावडरच्या व्हायलमध्ये सोबतचं १० मिलि पाणी घाला आणि तळहातांत हळू फिरवा. खळखळ हलवलं की फेस होतो आणि प्रथिनं खराब होतात. विरघळायला वेळ लागतो, तेवढा द्या. १२ किलोच्या कुत्र्यासाठी ५ व्हायल म्हणजे ५० मिलि, त्यात १०० मिलि नॉर्मल सलाइन. एकूण १५० मिलि एका तासात. पहिली १० मिनिटं मिनिटाला १ मिलि, म्हणजे २० थेंबांच्या सेटवर मिनिटाला २० थेंब. काही झालं नाही तर ५५ थेंबांपर्यंत वाढवा. मांजर किंवा २-३ किलोचं पिल्लू असेल तर व्हायल कमी करू नका, सलाइन कमी करा. दंशाच्या जागेभोवती एएसव्ही टोचू नका, स्नायूतही नको.

कातडीची टेस्ट डोस करू नका. ती रिअ‍ॅक्शनचा अंदाज देत नाही आणि वेळ खाते. त्याऐवजी ठिबक लावण्याआधीच अ‍ॅड्रेनलिन भरून ठेवा: १ मिलि अ‍ॅड्रेनलिन (१ मिलिग्रॅम) अधिक ९ मिलि सलाइन. या द्रावणाचं किलोला ०.१ मिलि मांडीच्या स्नायूत. आपल्या कुत्र्याला १.२ मिलि. सिरिंजवर चिकटपट्टी लावून मात्रा लिहून ठेवा, ऐन वेळी गुणाकार चुकतात.

रिअ‍ॅक्शन ओळखायची कशी? कुत्र्यात पहिला फटका यकृत आणि आतड्यांना बसतो: अचानक ओकारी, जुलाब, पांढऱ्या हिरड्या, कोसळणं. मांजर आणि गाय यांच्यात फुप्फुसाला: धाप, तोंड उघडून श्वास, फेस. ठिबक बंद, अ‍ॅड्रेनलिन, ऑक्सिजन, सलाइन. पाच-दहा मिनिटांत फरक नसेल तर अ‍ॅड्रेनलिन परत. अँटिहिस्टमिन आणि हायड्रोकॉर्टिसोन त्यानंतर, त्यांच्या भरवशावर अ‍ॅड्रेनलिन टाळायचं नाही. रुग्ण सावरला की १०-१५ मिनिटांनी तेच एएसव्ही हळू वेगाने पुन्हा सुरू करा. रिअ‍ॅक्शन आली म्हणून एएसव्ही कायमचं बंद केलं तर रुग्ण विषानेच जाईल.

तासा-दोन तासांनी नुसती थंडी वाजून ताप आला तर ती वेगळी, पायरोजनची (ताप आणणाऱ्या अशुद्धींची) रिअ‍ॅक्शन. वेग कमी करा, अंग पुसा. तापासाठी पॅरासिटॅमॉलकडे हात जाऊ देऊ नका, मांजराचा त्याने जीव जातो.

दुसरा हप्ता कधी: रक्ताच्या केसमध्ये ६ तासांनी काचनळीची चाचणी पुन्हा. यकृताला नवे फॅक्टर बनवायला साधारण तेवढा वेळ लागतो, त्याआधी तपासून घाबरू नका. तरीही गोठत नसेल तर आणखी व्हायल. नसांच्या केसमध्ये एक-दोन तासांनी पाहा. लक्षणं वाढत असतील तर एकदा परत. पूर्ण मात्रा गेल्यावर मात्र व्हायलमागून व्हायल ओतून पक्षाघात उतरत नाही, तिथे श्वास सांभाळणं हेच उपचार.

---

पठारी_पशुवैद्य

खूप उपयोगी पडतंय. दोन उपप्रश्न. निओस्टिग्मिन कुठल्या केसमध्ये, कसं? आणि सवयीने दिली जाणारी डेक्सा, मेलॉक्सिकॅम, जेंटामायसिन, व्हिटॅमिन के ही इंजेक्शनं यात कुठे बसतात?

---

श्वान_मार्जार_आयसीयू

निओस्टिग्मिन नागाच्या पक्षाघातात कामी येतं. नागाचं विष स्नायूच्या बाजूच्या असिटिलकोलीन (नसेचा संदेश स्नायूला देणारं रसायन) रिसेप्टरवर बसतं, असिटिलकोलीन वाढवलं की काही रिसेप्टर परत मिळतात. मण्यारीचं विष मज्जातंतूचं टोकच उद्ध्वस्त करतं, तिथे सोडायला असिटिलकोलीनच उरत नाही, म्हणून उपयोग नगण्य. साप कोणता ते माहीत नसेल तर एकदा करून पाहायला हरकत नाही.

आधी अ‍ॅट्रोपिन ०.०४ मिलिग्रॅम/किलो, पाच मिनिटांनी निओस्टिग्मिन ०.०४ मिलिग्रॅम/किलो. १२ किलोला प्रत्येकी ०.४८ मिलिग्रॅम: ०.६ मिलिग्रॅमच्या अ‍ॅट्रोपिनचा ०.८ मिलि आणि ०.५ मिलिग्रॅमच्या निओस्टिग्मिनचा सुमारे १ मिलि. अँप्यूलवरची ताकद दर वेळी वाचा. देण्याआधी डोळा किती मिलिमीटर उघडतो ते पट्टीने मोजून लिहा, अर्ध्या तासाने परत मोजा. फरक पडला तर दर अर्ध्या तासाने, मग अंतर वाढवत. तीन मात्रांत काहीच नाही, तर थांबा. अ‍ॅट्रोपिन न देता निओस्टिग्मिन दिलं तर हृदयाचे ठोके घसरतात आणि फुप्फुसात स्राव भरतो.

श्वास उथळ झाला, जीभ निळसर झाली की ट्यूब टाका. अँबू बॅगने मिनिटाला १० ते १२ श्वास, किलोला साधारण १० मिलि हवा. हातानेच तासन् तास दाबावी लागते, माणसं पाळीने बसवा. आणि कृपया हे लक्षात ठेवा: पूर्ण लुळ्या पडलेल्या, बाहुल्या विस्फारलेल्या, प्रकाशाला प्रतिसाद न देणाऱ्या कुत्र्याचा मेंदू शुद्धीत असू शकतो. बाहुल्यांवरून "गेला" असं ठरवू नका, हृदय चालू आहे तोवर बॅग दाबत राहा. त्याला ऐकू येतं, दुखतं. हळू आवाजात बोला, ट्यूब सहन व्हावी म्हणून मिडाझोलॅम ०.२ मिलिग्रॅम/किलो द्या, डोळ्यांत दर २-३ तासांनी मलम, दर ४ तासांनी कूस बदल, मूत्राशय हाताने रिकामं करणं. नागाच्या केस बऱ्याचदा तासांत ते एक-दोन दिवसांत उठतात. मण्यारीत टोकं नव्याने फुटावी लागतात, त्याला दिवस लागतात. पण जगलेला कुत्रा पूर्ण बरा होतो, म्हणून ही मेहनत वाया जात नाही.

आता तुमची यादी.

मेलॉक्सिकॅम आणि सगळी एनएसएआयडी (स्टेरॉइड नसलेली वेदनाशामकं): नको. एकीकडे रक्त गोठत नाही, दुसरीकडे घोणशीचं विष मूत्रपिंडावर उतरतं, त्यात ही भर. दुखण्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन ०.०१ ते ०.०२ मिलिग्रॅम/किलो किंवा ब्युटॉर्फॅनॉल ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम/किलो. पक्षाघाताच्या रुग्णात कमी मात्रा आणि श्वासावर नजर.

जेंटामायसिन, अमिकासिन: मूत्रपिंडासाठी वाईटच, शिवाय मज्जातंतू-स्नायू जोडणीही दाबतात, म्हणजे पक्षाघात वाढवतात. अँटिबायोटिक ऊती मरायला लागल्या, जखमेला वास आला तरच, आणि तेव्हा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट.

डेक्सामेथासोन: विषावर काहीही परिणाम नाही. व्हिटॅमिन के: फॅक्टर बनत नाहीत असं नाही, बनतात आणि विष ते जाळून टाकतं. एएसव्हीशिवाय प्लाझ्मा चढवणंही जळत्या चुलीत सरपण घालण्यासारखं. आधी एएसव्ही, मग गरज पडली तर रक्त. पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण) २० च्या खाली आणि कुत्रा ढेपाळलेला असेल तर ताजं रक्त द्या, किलोला २ मिलि रक्ताने पीसीव्ही साधारण १ टक्क्याने चढतो.

रक्त गोठत नसताना स्नायूतली इंजेक्शनं शक्य तेवढी टाळा (अ‍ॅड्रेनलिन अपवाद) आणि मानेच्या शिरेला सुई लावू नका. पुढच्या पायाची शीर, बारीक कॅथेटर, नंतर ५ मिनिटं दाब.

---

गोठा_फेरी

गायीच्या केसबद्दल मी लिहितो.

पहिलं: तोंड किंवा गळा सुजलेली गाय म्हणजे सर्पदंशच, असं धरून चालू नका. ताप मोजा. गळ्याची गरम सूज, १०५-१०६ अंश फॅरनहाइट ताप, घुसमट, कळपात आणखी एखादं जनावर आजारी: घटसर्प. मांडी-खांद्यावरची सूज दाबल्यावर करकर वाजते: फऱ्या. नैसर्गिक द्वारांतून काळं, न गोठणारं रक्त आणि अचानक मृत्यू: काळपुळी. शेवटच्यात "साप चावून मेली" म्हणून शव फाडलं तर बीजाणू मोकळे होतात आणि ते मातीत दशकानुदशकं टिकतात, माणसांनाही धोका. आधी कानाच्या शिरेतल्या रक्ताची स्लाइड, पॉलिक्रोम मेथिलीन ब्ल्यू. निळ्या, चौकोनी टोकांच्या जीवाणूंभोवती गुलाबी वेष्टन दिसलं तर शवाला हात लावायचा नाही. मेलेल्या जनावराचं सर्पदंश हे निदान बाकी सगळं वगळूनच करायचं.

दुसरं: मोठं शरीर विष पचवतं असा समज आहे आणि तो अर्धवट खरा आहे. ४०० किलोच्या गायीत विष पातळ होतं, पण दंश बहुधा नाकाच्या टोकावर असतो आणि सूज नाकपुड्या बंद करते. म्होरकी, वेसणीची दोरी, घंटा, गळ्यातलं सगळं आधी सोडा किंवा कापा, सुजेत दोरी रुतते. घोडा तर तोंडाने श्वास घेऊच शकत नाही. दोन्ही नाकपुड्यांत १० ते १५ सेंटिमीटर नळी, नसेल तर टोक कापलेली सिरिंज, कडा घासून गुळगुळीत करून, जेल लावून, सूज पूर्ण चढायच्या आत घाला आणि चिकटपट्टीने बांधा. उशीर झाला तर श्वासनलिका उघडावी लागते, आणि रक्त गोठत नसताना ते फार रक्तबंबाळ काम आहे.

एएसव्ही: वरचा हिशेब इथेही तोच. ५ व्हायलने सुरू करा, मिळाल्या तर १०. ५०० मिलि सलाइनमध्ये पाऊण ते एका तासात. गायीत मानेची शीर टाळता येत नाही, पण १४ गेजची जाडी सुई नको. १८ गेजचं कॅथेटर, एका टोचण्यात, काढल्यावर १० मिनिटं घट्ट दाब. तिथे मोठी गाठ साकळली तर तीच श्वासनलिका दाबते. अ‍ॅड्रेनलिन जशीच्या तशी ४ मिलि स्नायूत.

तोंडाने काहीही पाजायचं नाही. घसा लुळा असेल तर पाजलेलं सरळ फुप्फुसात जातं, आणि दंशातून वाचलेलं जनावर चौथ्या दिवशी न्यूमोनियाने जातं. मालकाला फोनवरच हे बजावा. सोबत एवढंही: कापू नका, चोखू नका, बर्फ नको, आवळून बांधू नका, जनावर चालवत आणू नका. आधीच घट्ट बांधलेलं असेल तर एएसव्ही चालू होईपर्यंत झटक्यात सोडू नका, मग हळूहळू सैल करा.

खाली बसलेल्या, मान टाकलेल्या गायीला छातीवर बसवा, दोन्ही बाजूंना पोती लावा. आडवी पडली की ढेकर येत नाही आणि पोट फुगतं. अ‍ॅट्रोपिनने रुमेन (पोटाचा मोठा कप्पा) आणखी मंदावतो, म्हणून निओस्टिग्मिनच्या जोडीला लागेल तेवढंच. पोटफुगीला तोंडातून पोटनळी टाका, रक्त गोठत नसताना ट्रोकार (पोट भोसकून वायू काढायची नळी) शेवटचा पर्याय. नुकतीच व्यालेली असेल तर मिल्क फीव्हरही वगळा.

कासेवर दंश झाला तर एकच कप्पा सुजतो, दुधात रक्त येतं आणि कासदाह म्हणून उपचार होतात. फरक असा की सूज तासांत चढते, कातडी जांभळी होते आणि सडापासून पोटाकडे पसरते.

घोड्याला धनुर्वाताचं अँटिटॉक्सिन विसरू नका.

---

सर्पमित्र_नोंदी

डॉक्टर मंडळींनी सांगितलंच आहे की नाव न कळताही उपचार होतात. तरी कुणी फोटो आणला तर काय पाहायचं ते सांगतो. साप पकडून किंवा मारून आणायला सांगू नका. तुटलेलं डोकंही काही वेळ चावू शकतं. दुरून मोबाइलवर झूम करून फोटो पुरे.

घोणस: जाड अंग, पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा. डुरक्या घोणस बिनविषारी, तिचे डाग वेडेवाकडे, शेपूट अगदी आखूड. अजगराचं पिल्लूही फसवतं.
मण्यार: काळपट निळी, पांढऱ्या बारीक पट्ट्यांच्या जोड्या, त्या शेपटीकडे ठळक आणि डोक्याकडे पुसट. कवड्या साप बिनविषारी, त्याच्या पट्ट्या मानेपासूनच ठळक आणि शेपटीकडे विरत जातात. ही गफलत सर्वांत महागात पडते.
फुरसे: छोटं, डोक्यावर बाणासारखी खूण, डिवचलं की खवल्यांचा करकर आवाज.

हिरवा किंवा तपकिरी चापडा आणि नाकाड्या चापडा हे विषारी साप या एएसव्हीत धरलेले नाहीत. तसा फोटो असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

---

काचनळी

चापड्याच्या केसमध्ये मग सगळा भार आधाराच्या उपचारांवर: सलाइन, वेदनाशामक, रक्त, मूत्रपिंड. त्यावरून चौथ्या प्रश्नाकडे येते.

क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) आल्याबरोबर, मग २४, ४८ आणि ७२ तासांनी. पहिला आकडा बहुधा नॉर्मलच असतो, तो तुलनेसाठी. घोणशीचा रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सूज उतरू लागलेली असताना, मूत्रपिंडाने घसरतो. त्यापेक्षा लवकर बोलते ती लघवी. कॅथेटर घाला, तासाला किलोमागे १ ते २ मिलि अपेक्षित. १२ किलोच्या कुत्र्याला चार तासांत निदान ४८ मिलि. पाण्याची तूट भरूनही तासाला किलोमागे अर्ध्या मिलिच्या खाली आली तर सलाइन वाढवत नेऊ नका. जेवढी लघवी तेवढंच पाणी, अधिक थोडं. दर ८ तासांनी वजन करा: वजन चढतंय, श्वासाचा वेग वाढतोय, नाकातून पातळ पाणी येतंय, म्हणजे जास्त झालं. फ्युरोसेमाइडने लघवीचा आकडा वाढतो, मूत्रपिंड सुधारत नाही.

---

श्वान_मार्जार_आयसीयू

जखमेबद्दल राहिलं. नागाच्या दंशात कातडी ३ ते ५ दिवसांत काळी पडून सुटते. मेलेल्या आणि जिवंत भागातली सीमा स्पष्ट होईपर्यंत कापू नका, आणि काचनळी नॉर्मल झाल्याशिवाय तर मुळीच नाही. फोड फोडू नका. सीमा दिसली की एकदाच नीट साफ करा, उघडी ठेवून रोज ड्रेसिंग. नाकाच्या टोकाची कातडी गेली तरी ती आश्चर्यकारक भरून येते, टाके घालून ओढू नका.

घरी सोडण्याआधी: १२ तासांच्या अंतराने दोन काचनळ्या नॉर्मल, स्वतःहून पाणी गिळता येणं, लघवी सुरळीत. मालकाला सातव्या दिवशी क्रिएटिनिनसाठी बोलवा. ५ ते १४ दिवसांत ताप, सांधेदुखी, अंगावर गांधी आल्या तर ते सिरम सिकनेस (एएसव्हीतल्या परक्या प्रथिनांची उशिरा येणारी रिअ‍ॅक्शन), प्रेडनिसोलोन ०.५ ते १ मिलिग्रॅम/किलो काही दिवस पुरतं. मालक तेव्हा "विष परत चढलं" म्हणून घाबरतात, आधीच सांगून ठेवा.

आणि उशिरा आलेले रुग्ण. मांजर तर हमखास एक-दोन दिवस लपून मगच सापडतं: थंड अंग, मोठ्या बाहुल्या, पुढचा पंजा सुजलेला. "२४ तास उलटले, आता एएसव्हीचा उपयोग नाही" असं म्हणून परत पाठवू नका. काचनळीत रक्त गोठत नसेल तर विष अजून रक्तात काम करतंय, मग दुसरा दिवस असो की तिसरा, एएसव्ही द्यायचं.

---

पठारी_पशुवैद्य

सर्वांचे मनापासून आभार. फ्रीज आणि ट्रॉलीची यादी आजच बदलतो: काचेच्या नव्या नळ्या, मार्कर, टेप, भरून ठेवायच्या सिरिंजसाठी लेबलं. एएसव्ही पावडरचंच मागवू का? वीज जाते म्हणून विचारतो.

---

काचनळी

हो, पावडरच. लिक्विड एएसव्हीला सतत २ ते ८ अंश लागतात. पावडर थंड, अंधाऱ्या कपाटातही टिकते. मुदतीची तारीख व्हायलच्या झाकणावर मार्करने मोठी लिहा. विरघळवल्यावर द्रावण गढूळ दिसलं तर ती व्हायल वापरू नका.